वर्ग नसलेल्या बाई

लेकीच्या शाळेत सकाळची हजेरी नुसतं ‘हजर’ म्हणून संपत नाही. वर्गशिक्षिका एकेकाचं नाव घेतात आणि मूल उठून सांगतं, ‘हो, ठणठणीत आहे’, ‘सर्दी झालीय’, ‘पोटात दुखतंय’, ‘काल पडलो, गुडघा ठणकतोय’. हे तक्त्यात लिहिलं जातं आणि पहिला तास रंगायच्या आत प्रत्येक वर्गाचा तक्ता शाळेच्या आरोग्य-खोलीत पोचतो. एखाद्या वर्गात अचानक चार-पाच जणांना ताप आला, तर ते तिथल्या बाईंच्या लगेच नजरेत येतं. मग मुख्याध्यापक आणि शाळेचे डॉक्टर बोलतात, आणि गरज पडली तर तेवढा एक वर्ग काही दिवस बंद ठेवतात. फ्लू झालेल्या मुलाने ताप यायला लागल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस शाळेत यायचंच नाही, असा नियम आहे. शंभर टक्के हजेरीसाठी कुणी तापातलं पोर शाळेत रेटत नाही.

आम्ही तोक्योच्या पूर्वेकडे, एदोगावा भागात राहतो. निशी-कासाईच्या आसपास भारतीय वस्ती मोठी आहे आणि आमच्यातले बरेचजण मुलांना इथल्या भारतीय शाळांत घालतात. लेकीसाठी आम्ही घराजवळची सरकारी प्राथमिक शाळा निवडली. ती आता तिसरीत आहे. गावाकडून फोन आला की विचारणा होते ती गणित किती पुढे गेलं, इंग्रजी शिकवतात का, याची. मला मात्र या शाळेबद्दल सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते त्या आरोग्य-खोलीबद्दल आणि तिथल्या बाईंबद्दल.

या खोलीला इथे ‘होकेन-शित्सु’ म्हणतात. तळमजल्यावर, मैदानाकडे दार उघडणारी. पडदे लावलेल्या दोन खाटा, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, बर्फाच्या पिशव्या आणि एका कपाटात घडी घातलेले जादा कपडे, अगदी चड्ड्यांसकट. पहिलीतलं एखादं पोर ओलं झालं तर कुणाला कळायच्या आत कोरडं होऊन वर्गात परततं. इथे बसणाऱ्या बाईंना ‘योगो’ शिक्षिका म्हणतात. त्या नर्स नव्हेत, शिक्षिकाच आहेत. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, परवाना वेगळा, आणि शिक्षकांच्या बैठकीत त्यांची खुर्ची इतरांच्या बरोबरीची. हे पद १९४१ पासून आहे. ८५१ किंवा त्याहून अधिक मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला अशा दोन शिक्षिका मिळतात. त्यांना स्वतःचा वर्ग नसतो. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

दुसरीत असताना लेकीचं पोट दुखायला लागलं. घरी कधीच नाही, फक्त शाळेत. या खोलीत जाणाऱ्या मुलाला आधी एक चिठ्ठी भरावी लागते: काय दुखतंय, कधीपासून, रात्री किती वाजता झोपलीस, सकाळी काय खाल्लंस, शी झाली का. बाई गोळी देत नाहीत, पोटात घ्यायचं औषध शाळेने द्यायचंच नाही अशी पद्धत आहे. त्या ताप बघतात, हात धरून बसतात, थोडा वेळ पडू देतात. मग चिठ्ठी फाईलला लागते.

काही आठवड्यांनी त्यांचा मला फोन आला. माझं जपानी तोडकंमोडकं, म्हणून त्या एकेक वाक्य सुटं करून बोलत होत्या. “आई, पोट आता बरं आहे. पण मी चिठ्ठ्या लावून बघितल्या. तिचं पोट दुसऱ्या तासाच्या आधी दुखतं, आणि ज्या दिवशी त्या तासाला मोठ्याने वाचन असतं त्याच दिवशी. घरी काही बोलते का?” घरी ती चकार शब्द बोलली नव्हती. दोन दिवसांनी मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका, या बाई आणि मी, तिघी लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसलो. एका मुलाने तिच्या उच्चाराची नक्कल केली होती आणि सगळा वर्ग हसला होता, हे वर्गशिक्षिकेने हळूहळू काढून घेतलं. ठरलं ते साधंच. काही दिवस वाचन जोडीने करायचं, आणि परदेशातून आलेल्या मुलाला जपानी बोलताना जीभ कशी वळवावी लागते यावर एक तास घ्यायचा, कुणाचंही नाव न घेता. त्या तासाला मुलांनी ‘ळ’ म्हणून बघितलं. लेक घरी येऊन सांगत होती, “आई, एकालाही जमलं नाही!” पोटदुखी महिनाभरात गेली.

मुद्दा हा की वर्गशिक्षिका चांगली असूनही तिच्या हातून हे निसटलं असतं. तिच्यापुढे तीसेक मुलं आणि धडा. ज्या बाईंना परीक्षा घ्यायच्या नाहीत, गुण द्यायचे नाहीत, त्यांच्याकडे मूल वेगळ्याच मोकळेपणाने जातं. आणि चिठ्ठ्या लावून बघायला त्यांना वेळ असतो.

बाकीची माणसं त्यांच्याभोवती आहेत. कायद्याने प्रत्येक शाळेला एक डॉक्टर, एक दंतवैद्य आणि एक औषधतज्ज्ञ जोडलेला असतो. तिघेही आसपास स्वतःचा दवाखाना किंवा दुकान चालवणारे. शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि ३० जूनच्या आत सगळ्या मुलांची तपासणी उरकावी लागते. औषधतज्ज्ञ शाळेत काय करतो, हे मला सुरुवातीला कळेना. तो वर्गातली हवा तपासतो. कार्बन डायऑक्साइड १५०० पीपीएमच्या आत हवा, उजेड किमान ३०० लक्स, खोलीचं तापमान १८ ते २८ अंशांच्या मध्ये. पिण्याचं आणि पोहण्याच्या तलावाचं पाणीही त्याच्याकडेच. कोंदट वर्गात जांभया देणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, इथे आधी खिडकी उघडतात. पाचवी-सहावीतल्या मुलांची एक आरोग्य समितीही असते. हात धुवायच्या नळांवरचा साबण संपला का हे तीच बघते, भिंतीवरची पत्रकंही तीच रंगवते.

आणि जेवण. यावर कितीही लिहिलं तरी कमीच.

जपानमध्ये शाळेतलं जेवण १८८९ साली सुरू झालं असं मानतात. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे मुटके, खारवलेला मासा आणि लोणचं देत. कायदा झाला १९५४ साली. २००५ पासून शाळांत आहार शिकवणारे खास शिक्षक नेमता येऊ लागले. आमच्या शाळेत महिन्याच्या सुरुवातीला घरी तक्ता येतो. त्यात रोजचा बेत असतो, आणि पदार्थ लाल, पिवळ्या, हिरव्या रकान्यांत विभागलेले. अंग भरणारे, ताकद देणारे, तब्येत सांभाळणारे. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी एका जेवणात साधारण ६५० किलोकॅलरी आणि मीठ दोन ग्रॅमच्या आत, असं प्रमाण ठरलेलं आहे. लेक तिसरीत आहे, पण ‘आज हिरवं कमी झालं’ असं घरच्या ताटाकडे बघून मला ऐकवते.

वाढपी मुलंच. पांढरे अंगरखे, टोप्या, तोंडाला मास्क, आणि आठवड्याची पाळी. अंगरखे शाळेचे, पण ज्याची पाळी संपली त्याने ते शुक्रवारी घरी न्यायचे, धुवून इस्त्री करून सोमवारी पुढच्यासाठी परत द्यायचे. त्यामुळे कुठल्याशा मुलाने घातलेला आणि पुढे आणखी कुणी घालणार असलेला अंगरखा रविवारी संध्याकाळी आमच्या घरी इस्त्रीखाली असतो. टोपीच्या इलॅस्टिकच्या चुण्यांवर इस्त्री फिरवणं फार किचकट काम आहे. लेक शेजारी उभी राहून तपासते, कारण सोमवारी ती टोपी जिच्या डोक्यावर जाणार ती तिची मैत्रीण असते.

या शिस्तीला दुःखाची किनार आहे, हेही सांगायला हवं. १९९६ च्या जुलैमध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जिवाणूची लागण झाली, हजारो मुलं आजारी पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर नियम कडक झाले. मुलं जेवायच्या किमान ३० मिनिटं आधी मुख्याध्यापक किंवा नेमलेली व्यक्ती तेच ताट खाऊन बघते. प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवतात. २०१२ च्या डिसेंबरात तोक्योतल्याच चोफु शहरात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली मुलगी चीज असलेला पदार्थ दुसऱ्यांदा घेऊन दगावली. आज आमच्या शाळेत ॲलर्जी असलेल्या मुलाचा ट्रे वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव, आणि तो मोठ्या माणसाच्या हातूनच त्याच्यापर्यंत जातो. तातडीचं इंजेक्शन कसं टोचायचं हे सगळ्या शिक्षकांना शिकवलेलं असतं. आधी चव घेण्याचा नियम आपल्या शालेय पोषण आहारातही आहे. गावच्या शाळेत तो पाळला जातो का, हे पालकांनी एकदा तरी जाऊन बघावंच, इतकं कळकळीने सांगते.

आम्ही शाकाहारी आहोत, आणि इथे सुपापासून भाजीपर्यंत सगळ्यात माशाचा अर्क असतो. ॲलर्जीसाठी शाळा जिवाचं रान करते, पण शाकाहारासाठी वेगळा स्वयंपाक होत नाही. दर महिन्याला आहारतज्ज्ञ बाई तक्त्यावर खुणा करून देतात आणि त्या दिवशी मी डबा देते. सगळ्यांच्या ट्रेवर एकच जेवण असताना आपला डबा उघडणं आठ वर्षांच्या मुलीला जड जातं. याबाबतीत इथली शाळा अजून पुष्कळ मागे आहे असं मला वाटतं, आणि मी ते बैठकीत बोलतेही.

घरालाही यातून सुटका नाही. ‘लवकर झोपा, लवकर उठा, न्याहारी करा’ ही मोहीम सरकारने २००६ मध्ये काढली. तिच्या नावाने वर्षातून काही वेळा झोपेचा तक्ता घरी येतो, आई-बाबांनी सही करायची. उन्हाळी सुट्टीत सकाळी साडेसहाला बागेत रेडिओ लागतो. त्यावरचे व्यायाम १९२८ पासून चालू आहेत. आजोबा, आज्या, पोरं सगळे हात फिरवतात आणि मुलांच्या कार्डावर शिक्का पडतो.

एवढं असूनही सगळं आलबेल नाही. २०२३ च्या शालेय वर्षात जपानमधल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतली ३,४६,४८२ मुलं शाळेत जाईनाशी झालेली होती. आजारपण किंवा गरिबी सोडून इतर कारणांनी वर्षात ३० दिवस किंवा जास्त गैरहजर, अशांचा हा आकडा आहे, आणि तो वाढत चाललाय. सगळ्यांनी एकसारखं असण्याचं ओझं काही मुलांना पेलत नाही. अंगरख्याला इस्त्री करणारी शिस्तच एखाद्या मुलाच्या छातीवर बसत असेल, हे मी नाकारणार नाही. पण अशा मुलांसाठीही पहिलं उघडं दार बहुधा त्या तळमजल्यावरच्या खोलीचंच असतं. वर्गात पाऊल टाकवत नाही ती मुलं थेट तिथे येतात, तासभर बसतात, चित्रं काढतात, घरी जातात. त्याचीही शाळा हजेरी धरते. लेकीच्या शाळेतली एक मोठी मुलगी मैदानाकडच्या दाराने रोज उशिरा येताना मी बघते. बाई तिला ‘का उशीर’ असं विचारत नाहीत, ‘जेवलीस का’ असं विचारतात.

आपल्याकडे २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं, शक्यतो एक बाई आणि एक सर. विचार योग्य आहे. पण माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन इयत्ता एकत्र, मतदारयादीचं काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं. तिच्या डोक्यावर आणखी एक टोपी ठेवून मुलांच्या पोटदुखीमागचं कारण सापडेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तिला मी या बाईंबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे पन्नास पटाच्या शाळेला कोण देणार वेगळी बाई?”

प्रत्येक शाळेला नाही देता येणार, मान्य. पण केंद्रशाळेची रचना आपल्याकडे आधीपासून आहे, आसपासच्या शाळा एका केंद्राला जोडलेल्या आहेत. केंद्राला एक अशी शिक्षिका द्या. ती आठवड्यातला ठरलेला दिवस एकेका शाळेत जाईल. तिला वर्ग नको, निवडणुकीची ड्यूटी नको. दार बंद होईल अशी एक खोली, दोन खाटा, मुलींसाठी पॅड आणि जादा कपडे ठेवायला कुलपाचं कपाट, वजनकाटा, आणि चिठ्ठ्या लावायला एक फाईल. बहिणीने हे तिच्या केंद्रप्रमुखांपुढे मांडायचं कबूल केलंय, आणि मी तिला इथल्या चिठ्ठीचा मराठी नमुना करून पाठवलाय.