रविवारचा कोट खुंटीवरच होता

आमच्या ड्यूटीच्या यादीत सगळ्या पेशंटांच्या पत्त्यापुढे शहर एकच असतं, जर्मनीतलं लाइनफेल्डन-एश्टरडिंगन, आणि पिनकोडही एकच, 70771. यादी मोबाइलवर येते. कुणाला किती वाजता इन्सुलिन, कुणाला मोजे, कुणाचं ड्रेसिंग, सगळं तिच्यात असतं. मी इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत नर्स आहे. नर्सिंग मिरजेला केलं, माहेर लांज्याजवळचं. सुरुवातीला वाटायचं, एकाच शहरात तर फिरायचंय, त्यात काय अवघड आहे!

पण हे शहर नकाशावरच एक आहे. 1 जानेवारी 1975 ला लाइनफेल्डन, एश्टरडिंगन, श्टेटन आणि मुसबेर्ग अशी चार गावं जोडून ते तयार झालं. त्या वर्षांत बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात असा सपाटाच चालला होता. आधी 3,379 स्थानिक संस्था होत्या, जोडाजोडी संपल्यावर 1,111 उरल्या. शेजारच्या पाच गावांचं फिल्डरश्टाट झालं, तेही त्याच दिवशी, आणि त्याचं तर पहिल्या काही महिन्यांतच नावही बदलावं लागलं. आमच्याकडे दोन मोठ्या गावांची नावं मध्ये आडवी रेघ मारून शेजारी ठेवली. श्टेटन आणि मुसबेर्गची नावं पाटीवर आलीच नाहीत, आणि तिथले जुने लोक ते अजून विसरलेले नाहीत. एखाद्या आजींना विचारावं, तुम्ही कुठल्या? तर त्या गावाचं नाव सांगतील, शहराचं कधीच नाही.

हा सगळा भाग म्हणजे फिल्डर नावाचं पठार. श्टुटगार्ट शहर खाली खोलगट वाटीत, आणि हे वर, मोकळं, वाऱ्याचं. माती वाऱ्याने वाहून आणलेली, पिवळसर, मऊ आणि भलतीच सुपीक. हिच्यावर टोकदार डोक्याचा कोबी पिकतो, फिल्डरक्राउट. एकेक गड्डा चांगला पाच-सहा किलोचा भरतो, पण टोकामुळे यंत्रात नीट बसत नाही, म्हणून कारखान्यांनी गोल कोबी धरला आणि याची शेतं कमी होत गेली. मुसबेर्गच्या बाजूला पठार संपून जंगल आणि ‘सात गिरण्यांची दरी’ सुरू होते. गिरण्या मोजल्या तर अकरा आहेत, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. पूर्वेला विमानतळ. गाडीने या टोकापासून त्या टोकाला जायला पाव तास पुरतो.

आता त्या रविवारचं सांगते. ऑक्टोबर होता, कोबीच्या जत्रेचा शनिवार-रविवार. जत्रेमुळे मधले रस्ते बंद, म्हणून मी लवकर निघाले होते. पहिले पेशंट लाइनफेल्डनचे एक आजोबा. वय सत्त्याऐंशी, मधुमेह, पायांना सूज, आणि गेल्या दोन वर्षांपासून विस्मरण वाढत चाललेलं. लेकीच्या घरात खालच्या मजल्यावर राहायचे, लेक वर. दाराची किल्ली आमच्याकडे असते. मी आत गेले तर अंथरूण रिकामं. आदल्या रात्री धुऊन टाकलेले, सूज रोखणारे दाबाचे मोजे हीटरवर तसेच वाळत पडलेले. हे मोजे अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे असतात, आणि ते त्यांना स्वतःला कधीच जमत नसे. म्हणजे आजोबा मोज्यांशिवाय उठून गेले होते.

ते मोजे चढवायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात आजोबा बोलायचे. आज नाश्त्याला काय खाल्लं ते आठवत नसे, पण एश्टरडिंगनचा इतिहास तोंडपाठ. ते मूळचे तिथले, लाइनफेल्डनला लेकीमुळे आलेले, आणि ‘तिकडे राहायला आलो’ असं म्हणताना दुसऱ्या देशात आल्यासारखा चेहरा करायचे. दोन्हींत अंतर एका स्टेशनचं! सगळ्यात लाडकी गोष्ट फिलिप माथेउस हान या पाद्रीची. हा गृहस्थ 1781 ते 1790 एश्टरडिंगनच्या चर्चचा पाद्री होता, तिथेच वारला. रविवारी प्रवचन करायचा आणि इतर दिवशी घड्याळं, तराजू आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार करणारी यंत्रं बनवायचा, सगळी पितळी दातेरी चाकांची. गावातली शाळा आज त्याच्या नावाची आहे. आजोबा त्याच्याबद्दल असं बोलायचे की जणू हा हान परवाच कोपऱ्यावर भेटला होता. दुसरी गोष्ट झेपेलिनची. 5 ऑगस्ट 1908 ला काउंट झेपेलिनचं एल-झेड 4 हे वायूने भरलेलं प्रचंड हवाई जहाज इंजिन बिघडल्यामुळे एश्टरडिंगनच्या शेतात उतरलं. दुपारी वादळ आलं, दोर तुटले, जहाज झाडांवर आदळून पेटलं. कुणी मेलं नाही, आणि लोकांनी देशभरातून साठ लाखांवर मार्क वर्गणी पाठवली, त्यातून झेपेलिनचा कारखाना उभा राहिला. आजोबांचे आजोबा अर्थातच तिथे हजर होते. या भागातल्या प्रत्येक पेशंटचे आजोबा तिथे हजर होते. एवढ्या सगळ्यांनी दोर धरला असता तर जहाज हललंच नसतं.

तर, आजोबा नव्हते. मी वर जाऊन लेकीला उठवलं. बाथरूम, तळघर, अंगण सगळं पाहिलं. तिने 110 ला फोन केला, मी ऑफिसला कळवलं आणि माझे पुढचे दोन पेशंट एका सहकारणीने घेतले. पोलीस वीस मिनिटांत आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांनी विचारलं, कुठे जाऊ शकतात? लेक लगेच म्हणाली, रविवार आहे, चर्चला. एश्टरडिंगनच्या श्टेफानुस चर्चला, दुसरीकडे ते जाणारच नाहीत. तिचा भाऊ तिकडे पळाला. पोलिसांनी स्टेशन आणि मधला रस्ता बघायला गाडी लावली.

हे उत्तर बरोबरच वाटत होतं. फिल्डरवरच्या जुन्या माणसांचा रविवार काय असतो हे इथे आल्याशिवाय कळत नाही. 1534 मध्ये व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूक उलरिशने राज्यात ल्यूथरचा पंथ आणला आणि ही गावं एका झटक्यात प्रोटेस्टंट झाली. तेव्हा धर्म राजाचा तोच प्रजेचा. पठारावरचं नॉयहाउझन मात्र ड्यूकच्या ताब्यात नव्हतं, म्हणून ते कॅथलिक राहिलं, आजूबाजूला सगळे प्रोटेस्टंट असताना. बाकी कॅथलिक इथे आले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, पूर्वेकडून हाकलून दिलेली कुटुंबं. आजोबांच्या घरात त्यावर आणखी एक थर होता, पिएटिस्ट म्हणवणाऱ्या भाविक प्रोटेस्टंटांचा. पाद्रीच्या प्रवचनावर भागत नाही म्हणून आठवड्यात एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलातला उतारा वाचायचा, शेतकऱ्याने, सुताराने त्यावर बोलायचं, गाणी म्हणायची. आमच्याकडे वारकऱ्यांच्या घरी हरिपाठाला जसं जमतात तसंच. सरकारने आधी या बैठकांकडे संशयाने पाहिलं, मग 1743 मध्ये नियम घालून परवानगी दिली. या लोकांत रविवारी शेतात पाऊल टाकत नाहीत. आजोबांनी मला सांगितलं होतं की पाऊस तोंडावर आला आणि गवत कापून पडलेलं असलं तरी त्यांचे वडील रविवारी गवताला हात लावत नसत.

चर्चमधून भावाचा फोन आला, इथे नाहीत. मग पोलीसबाईंनी विचारलं, अंगावर काय असेल? लेक आणि मी कपाट बघायला गेलो. दाराजवळच्या खुंटीवर त्यांचा काळा कोट होता. रविवारचा कोट. खाली काळे बूटही जागेवर, नीट जोडून ठेवलेले. आजोबा या कोटाशिवाय चर्चला जाणं शक्यच नव्हतं. चार गोष्टी विसरले असतील, ही नाही. मागच्या दाराशी गेलो तर रबरी गमबूट नव्हते, आणि निळा जाड सदरा नव्हता, शेतातला.

मी लेकीला म्हटलं, त्यांच्या मनात आज रविवार नाहीये. आज कामाचा वार आहे. आणि ऑक्टोबर आहे, कोबी काढायचे दिवस. तुमचं शेत कुठे होतं?

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, शेत? शेत मेसेखाली गेलं.

मेसे म्हणजे श्टुटगार्टचं प्रदर्शन केंद्र, विमानतळासमोरचं, 2007 मध्ये उघडलेलं. ते या पठारावर नको म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. त्याच्याही आधी विमानतळाने जमीन घेतली होती. तो 1939 मध्ये ब्योब्लिंगनहून इथे आणला, नंतर वाढत गेला. आज धावपट्टी 3,345 मीटरची आहे आणि तिच्यासाठी महामार्गसुद्धा सरकवला. आजोबांच्या वडिलांचा एक तुकडा पहिल्या खेपेला गेला, आजोबांचा स्वतःचा शेवटच्या खेपेला. विमानतळाच्या कडेला आणखीही एक गोष्ट आहे. 1944 च्या नोव्हेंबरपासून काही महिने तिथे छळछावणी होती. 600 ज्यू कैदी, त्यांतले किमान 119 मेले. 2005 मध्ये अमेरिकन लष्कराच्या भागात खोदकाम करताना 34 जणांची सामुदायिक कबर सापडली. त्यांना तिथेच पुन्हा पुरलं. छावणी होती तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते. झेपेलिन त्यांनी मला हजारदा सांगितलं, हे कधीच नाही, आणि मीही विचारलं नाही.

लेकीला घरी थांबणं भाग होतं. तिचा सतरा वर्षांचा मुलगा माझ्या छोट्या गाडीत बसला. जत्रेचे बंद रस्ते टाळत आम्ही एश्टरडिंगनच्या बाहेरून वळसा घालून मेसेच्या बाजूला गेलो. तिथे पार्किंगच्या अलीकडे अजून थोडी शेतं उरली आहेत. पोरानेच आधी पाहिलं. निळा सदरा, कोबीच्या दोन ओळींच्या मधे, वाकलेला.

मी हाक मारली नाही, चालत जवळ गेले. आजोबांनी दोन गड्डे काढून बाजूला रचले होते, बुडखा खाली, टोक वर, व्यवस्थित. चाकू नव्हता, हाताने पिळून काढलेले. बोटं गार आणि चिखलाने काळी. कपाळावर घाम होता, त्या थंडीत. मला घामाचीच भीती होती, कारण रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात होतं आणि पोटात काही नव्हतं. बोट पुसून टोचलं, साखर 61. ग्लुकोजच्या चार गोळ्या दिल्या. त्यांनी एकेक चघळत खाल्ली आणि विचारलं की मी कुणाच्या घरची, कारण दिवसभराच्या मजुरीचं बोलणं आधीच करायला हवं. मी म्हटलं, मजुरीचं नंतर बघू, आधी न्याहारी. ते त्यांना पटलं. पंधरा मिनिटांनी साखर 88 आली तेव्हा पोलिसांची गाडीही आली. तरुण पोलीस घाईने सरळ शेतातून चालत आला, तर आजोबा त्याच्यावर खेकसले, ओळीतून चाल, पिकावरून नाही! तो बिचारा मागे फिरला आणि ओळीतून आला.

पोलीसबाईंनी रिपोर्टसाठी विचारलं, कुठे सापडले म्हणून लिहू, विमानतळ की मेसे? आजोबांनीच उत्तर दिलं, त्या शेताचं जुनं नाव सांगून. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे काय केलं माहीत नाही, संगणकात तसं नाव बहुधा मिळालं नसेल. गड्ड्यांचे पैसे लेकीने नंतर त्या शेतकऱ्याला द्यायला नेले तर त्याने घेतले नाहीत. त्याचे वडील आजोबांच्या वर्गातले निघाले. आमच्याकडे विस्मरणाच्या पेशंटची एक माहितीपत्रिका असते, बालपण, व्यवसाय, सवयी अशी. आजोबांच्या पत्रिकेत व्यवसायापुढे ‘शेतकरी, निवृत्त’ एवढंच होतं. मी त्यात शेत कुठे होतं ते लिहिलं आणि कोटाचंही लिहिलं.

श्टेटनच्या आजींकडे पोचायला मला पाऊण तास उशीर झाला. या आजी मला नेहमी विचारतात, मंगळूरकडची का? लहानपणी त्यांच्या चर्चमध्ये बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेसाठी पैसे गोळा करायचे, त्यामुळे भारत म्हणजे मंगळूर हे डोक्यात बसलंय. मीही एकदा सांगितलं होतं की आमच्या लांज्याच्या घरावरची मंगळुरी कौलं त्याच मिशनने 1865 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या वळणाची आहेत. तेव्हापासून त्या मला जरा घरचीच समजतात, म्हणजे जास्त ओरडतात. त्या दिवशीही ओरडल्या. मी नाव न सांगता एवढंच सांगितलं की एक आजोबा हरवले होते, मेसेजवळच्या कोबीत सापडले.

पायाचं ड्रेसिंग सोडेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एश्टरडिंगनचा असणार. त्यांना सगळीकडची जमीन आपलीच वाटते.”