बाटलीत ढग आणण्याची खटपट

सई चौथीत. शाळेतून चिठ्ठी आली: ‘पाण्याच्या अवस्था आणि ढग’, प्रयोग करून दाखवणे, मुदत दहा दिवस. मी कॉमर्सची. तरी वाटलं, बर्फ, पाणी, वाफ, त्यात काय एवढं? एका रविवारचं काम.

रविवारी किटलीत पाणी ठेवलं. वाफ यायला लागल्यावर सईला ऐटीत सांगितलं, "हे पांढरं दिसतंय ना, तो पाण्याचा वायू."

सासूबाई शेजारीच कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "पांढरं दिसतं ते लांब. तोटीच्या अगदी तोंडाशी बघ, काहीच दिसत नाही. आणि चटका तिथेच जास्त बसतो. मोदक उकडणाऱ्या बाईला विचार."

खाली वाकून पाहिलं तर खरंच तोटी आणि पांढऱ्या लोटाच्या मध्ये बोटभर जागा मोकळी! रात्री सईचं पुस्तक नीट वाचलं. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते तिच्यापासून हवेत बनलेले बारीक थेंब, म्हणजे पाणीच. मी ज्याला वायू म्हणून दाखवत होते तो द्रव निघाला. आणि आकाशातला ढगही तसाच, बारीक थेंबांचा, फार उंचावर असला तर बर्फाच्या कणांचा. चाळीस वर्षं मी ढगाला वाफ समजत आले होते.

मग थर्मामीटर आणला. उकळत्या पाण्यात धरला तर पारा ९८ च्या आसपास अडकला. पाणी खदखदतंय आणि पारा शंभराला शिवायला तयार नाही. मी तणतणत दुकानात परत. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, शंभर हवे असतील तर मुंबईला जाऊन उकळा." पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोडं आधीच उकळतं. साधारण ३०० मीटरला एक अंश, असा हिशेब त्यांनी तोंडावर टाकला. थर्मामीटर बदलून मिळाला नाही, अर्थातच.

बर्फाने मात्र फार मजा आणली. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी वाटीत घेऊन, ढवळत ढवळत सई दर दोन मिनिटांनी आकडा लिहीत होती. ०, ०, ०, ०. पुण्याचा एप्रिल, पंखा बंद, आम्ही घामाघूम आणि वाटीतला आकडा ढिम्म हलेना. "आई, एवढं गरम होतंय तर उष्णता जाते कुठे?" ती सगळी बर्फ वितळवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल. सईने हे दोनदा म्हणवून घेतलं. मलाही दुसऱ्यांदाच कळलं.

खरं घोडं अडलं ते ढगापाशी. काचेच्या बरणीत गरम पाणी, वर बर्फाची ताटली. ताटलीला खालून थेंब लोंबले, बरणी आतून घामेजली, पण हवेत ढग नाहीच. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त गरम घेतलं, तर बरणीच तडकली. सई रडकुंडीला, मी तिच्याहून जास्त.

चूक अशी होती की वाफेला थेंब व्हायला बसायला काहीतरी लागतं. बरणीत तिला काच मिळाली, ताटली मिळाली. आकाशात तिला धुळीचे, धुराचे, समुद्रावरून आलेल्या मिठाचे कण मिळतात. मग सोड्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली. तळाशी जरासं कोमट पाणी, हलवून घेतलं. देवघरातली उदबत्ती पेटवून थोडा धूर आत सोडला, बूच घट्ट लावलं. बाटली दोन्ही हातांनी दाबायची आणि पटकन सोडायची. सोडली की आतली हवा पसरते, पसरली की थंड होते. तीन-चारदा नुसतंच कडकड वाजलं. मग सोडताक्षणी बाटली आतून दुधाळ झाली. दाबली, ढग गायब. सोडली, हजर! सासूबाईंनी कणकेच्या हातांनीच बाटली मागून घेतली आणि पोळ्या अर्धा तास लांबल्या.

शाळेत सादरीकरण बरं झालं. बाईंनी ‘सांद्रीभवन’ (वाफेचं पुन्हा पाणी होणं) हा शब्द फळ्यावर लिहायला लावला, सईने अनुस्वार विसरून लिहिलं. परतताना शिवाजीनगरला रिक्षा सिमला ऑफिसवरून गेली. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव, एवढं मला माहीत होतं. तेवढंच सांगून मी गप्प बसले. पुढचे प्रश्न झेपले नसते.

जुलैत सिंहगडावर गेलो. गड जेमतेम १,३०० मीटर, पण पावसाळ्यात ढग तिथवर उतरलेले असतात. पुणे दरवाज्यापाशी दहा पावलांवरचं दिसेना. सईच्या केसांवर मोत्यांसारखे थेंब जमले होते. मी म्हटलं, "बघ, तुझ्या केसांवर सांद्रीभवन झालंय."

"नाही गं आई, ते हवेतच झालंय. इथे नुसते चिकटलेत," असं म्हणून ती मडक्यातल्या दह्याकडे पळाली.