तुम्ही विचारलंत म्हणून: आता वाचनालयात येतं कोण?

"सगळं मोबाइलवर मिळतं. मग तुमच्या वाचनालयात येतं कोण?"

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठेही भेटा, हा प्रश्न मला ठरलेला. तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसून मला एकवीस वर्षं झाली.

मधे माणसं कमी झाली होती, हे खरं. त्यात थोडा हात माझाही होता. पूर्वी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असायची, तारखेसमोर सभासद क्रमांक. लोक आधी तीच बघत. "हे 312 कोण हो? दर वेळी माझ्या आधी पुस्तक नेतात." मग एखाद्या संध्याकाळी 312 आणि 88 टेबलापाशी समोरासमोर यायचे, आणि मला कुलूप लावायला उशीर व्हायचा.

आम्ही संगणकावर 'कोहा' बसवलं. मोफत, चांगली प्रणाली. नोंदी चोख झाल्या, हरवलेली पुस्तकं सापडू लागली. चिठ्ठी मात्र गेली आणि तिच्याबरोबर 312 ची चौकशीही. गंमत म्हणजे न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांनी 2000 साली हीच प्रणाली पहिल्यांदा वापरली, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे नेलेली भेट. आज त्याने न्यावी, उद्या यानं. आमच्या टेबलावर 'देवघेव' अशी पाटी आहेच की!

चिठ्ठी परत चिकटवावी असं वाटलं, पण कोण काय वाचतं ही ज्याची त्याची गोष्ट. म्हणून वेगळं केलं. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने वाचनालयाच्या व्हॉट्सॲपवर मिनिटभर बोलून ठेवायचं. तो आवाज मी फक्त पुढच्या वाचकाला पाठवते. नाव सांगायचं की नाही, ते बोलणाऱ्याने ठरवायचं. ग्रुप काढला नाही. सुप्रभातची फुलं मला नकोत.

जिना चढवत नाही म्हणून घरीच पुस्तक मागवणाऱ्या एक निवृत्त बाई आहेत. एका दिवाळी अंकातली कथा "शेवटी फसली" असं त्या बोलून गेल्या. पुढचा वाचक कॉलेजातला मुलगा. त्याने लगेच उलट निरोप धाडला: कथा फसलेली नाही, बाईंनी घाईत वाचली. बाईंचं उत्तर चार मिनिटांचं आलं. मिनिटाचा नियम तिथेच मोडला.

गेल्या शनिवारी बाईंचा फोन: "त्याला म्हणावं, पुढचा अंक तूच घेऊन ये. पोहे करते."

नेहमी पुस्तकं पोचवणाऱ्या आमच्या शिपायाला त्या दिवशी सुट्टी मिळाली.