कडेवरचं ओझं

दोन किलो तूरडाळ, किलोभर पोहे आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन मी नागपुरात बर्डीवरच्या बॅगांच्या दुकानात शिरलो, तेव्हा दुकानदाराला वाटलं माणूस पत्ता चुकला. "किराणा ओळी इतवारीत आहे भाऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, सॅकच घ्यायची आहे, पण भरून बघायची आहे. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग डाळीकडे, आणि पोऱ्याला हाक मारली, "ह्यांना दाखव रे. पण डाळ सांडू देऊ नका जी."

माझं काही चुकलं नव्हतं. दुकानातली प्रत्येक सॅक कागदाचे बोळे खाऊन गुबगुबीत झालेली असते. पाठीवर घेतली की कापसासारखी. पाच किलो पोटात गेल्याशिवाय ती खरं बोलत नाही. हे शहाणपण मला एका सॅकवर पैसे घालवून आलं होतं.

श्रावणात महादेवाच्या यात्रेला, नागद्वारला जायचं ठरलं होतं. पचमढीच्या जंगलातली ती वाट वर्षातून नागपंचमीच्या आसपासचे थोडेच दिवस उघडते, आणि त्या दिवसांत निम्मा विदर्भ सातपुड्यात असतो. मी कधीच गेलो नव्हतो. सराव म्हणून रामटेकला अंबाळ्याकडून पायऱ्या चढून पाहिल्या, भाच्याची लॅपटॉपची बॅग घेऊन. ती कमरेखाली लोंबते आणि दर पायरीला मागून कोणी शर्ट ओढल्यासारखी ओढते. वर पोचेपर्यंत मी धनुष्यासारखा पुढे वाकलो होतो.

मग मला हलकेपणाचं वेड लागलं. घडी करून स्वतःच्याच खिशात मावणारी, पेरूएवढी होणारी एक सॅक मागवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर २९० ग्रॅम! घरातल्या सगळ्यांना बोलावून आकडा दाखवला. आईनं विचारलं, "कितीची आहे?" मी म्हटलं, वीस लिटरची. "कायचे लिटर? दुधाचे?" आता सॅक लिटरमध्ये का मोजतात हे ऐंशी वर्षांच्या बाईला समजावून सांगणं सोपं नाही, मलाही ते पोत्यात किती पायल्या मावतील या हिशेबानंच कळतं.

त्या रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्स. मे महिन्यात नागपुरात चालायचं ते आठच्या आत, नंतर डांबर बूट चावतं. सोबत तीन लिटर पाणी, कारण त्याहून कमी घेण्याची आपल्याकडे हिंमत होत नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, त्यात कुणाची सवलत चालत नाही. पाऊण तासात त्या २९० ग्रॅमच्या दोऱ्यांसारख्या पट्ट्या खांद्यात रुतल्या. पाठीला टेकू देणारं आत काहीच नसल्यामुळे बाटलीचं बूड बरोबर बरगडीखाली टोचत राहिलं. घरी शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांवर लाल वळ.

आईनं पाहिलं आणि खोबरेल घेऊन बसली. "काहून रे, पोळा तर अजून लांब आहे. आतापासूनच खांदशेकणी?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात, ते ती शेतावर लहानाची मोठी होताना पाहत आली. तेल चोळता चोळता ती बोलली ते मात्र थट्टेत नव्हतं. "आम्ही डोक्शावर दोन गुंड अन् कडेवर एक असे पाणी आणत होतो. खांद्यावर कोण घेते पाणी? ओझं डोक्शावर चुंबळीवर घ्याव, नाही तं कडेवर. कड कायले दिली देवानं?"

मी त्या आठवड्यात कमरेच्या पट्ट्याबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं या दोन वाक्यांत आलं होतं. खांदा हा बिचारा टांगलेला अवयव. कमरेचं हाड मात्र पायांवर उभं आहे, म्हणून लेकरू आपण कडेवर घेतो. सॅकचा कमरपट्टाही त्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही; आणि आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. मी इतके दिवस उलटं करत होतो. पण लहान सॅकांना बरेचदा नुसती फीत असते. ती सॅकला डुलू देत नाही एवढंच, ओझं उचलत नाही. चार-पाच किलोंपर्यंत तीही चालते. आमचं पाणी, डबा, छत्री, दुपट्टा मिळून सहाच्या वर जातं, तिथे फितीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मापाची. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका टचकन वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंतची लांबी मोजायची. मुलीनं शिवणाच्या टेपनं मोजली, सतरा इंच. मग बायकोची मोजली, तीही सतरा. मी पाच फूट दहा, ती पाच फूट चार. माझी उंची सगळी पायांत गेलीय हे लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कळलं. "अहो, मग एकच घ्या, आलटून पालटून वापरू," ती म्हणाली. ती काही नागद्वारला येणार नव्हती.

तर दुकान. पोऱ्यानं पहिली काढली ती पाठीमागे जाळी ताणून बसवलेली. पाठ आणि सॅक यांच्यामध्ये वारा खेळतो, नागपूरच्या घामाला याहून मोठं आमिष काय! डाळ भरली आणि चाललो. पाठ गार राहिली असती खरी, पण त्या वाऱ्याच्या जागेपायी ओझं पाठीपासून दूर जातं आणि मागे ओढतं. शिवाय जाळी ताणायला सांगाडा लागतो, तिचं रिकामं वजनच सव्वा किलो. दुसरी देखणी, पण मापाला लांब. पट्टा मांड्यांकडे घसरायचा. तिसरी बावीस लिटरची, सातशे ग्रॅमची. पाठीला फोमचा पातळ पत्रा, कमरेला बोटभर जाड गादीचा पट्टा. पाणी पाठीला चिकटवून, डाळ खांद्यांच्या पात्यांमध्ये येईल अशी रचली. माळ्यावरच्या गोदामाचा जिना तीनदा चढलो-उतरलो. दुकानदार गिऱ्हाइकं सोडून माझ्याकडे पाहत होता. "कुठं जाऊन राहिले एवढं?" नागद्वार म्हटल्यावर हात जोडले आणि मग शंभर रुपये सोडले.

शेजारच्या काकांना दाखवली. एम्प्रेस मिलमध्ये उभी हयात गेली त्यांची. १८७७ साली टाटांनी सुरू केलेली ती मिल बंद पडून किती काळ लोटला, पण कापड दिसलं की काकांचा अंगठा आपोआप फिरतो. चिठ्ठीवर २१० डेनियर लिहिलं होतं. ते हरखले, "दोनशे दहाचं सूत? एवढं बारीक?" सुती धाग्याचा नंबर वाढला की धागा बारीक होतो. डेनियरचं उलटं, नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते, म्हणजे आकडा वाढला की धागा जाड. काकांना हे मुळीच पटलं नाही. कापडातली जाड धाग्यांची चौकडी मात्र त्यांनी लगेच ओळखली. "फाटलं तं या चौकटीपाशीच थांबन," म्हणाले. त्यांना हे कोणी सांगावं लागलं नाही.

जुन्या सॅकपेक्षा ही चारशे दहा ग्रॅमनं जड. ते भरून काढायला मी एक बाटली कमी केली, वाटेत झरे आहेत म्हणून, आणि दुसरा दुपट्टा काढला. जूनअखेरपर्यंत दर रविवारी अंबाझरीला भरून नेली. खांदे शाबूत.

नागद्वारच्या वाटेवर मात्र माझ्या सगळ्या ग्रॅमांची गंमत झाली. पुढे एक मावशी डोक्यावर गाठोडं, त्यावर प्लास्टिकची पन्नी, हात मोकळे, "हर बोला महादेव" म्हणत चिखलातून अशी चालली होती की मी गाठू शकलो नाही. पाऊस लागला तेव्हा मी सॅकला कव्हर घातलं. ते पाठीकडून उघडंच असतं, पाणी मानेवरून घरंगळून आत शिरलं. मावशीचे कपडे पन्नीत कोरडे. मीही तिथल्या दुकानातून एक पन्नी घेतली, कपडे आत बांधावे म्हणून सगळं सामान उपसलं आणि तळाच्या कप्प्यात हाताला काहीतरी गोल लागलं.

कांदा. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून आईनं टाकलेला. अंबाझरीपासून इथपर्यंत आलेला, आता दोन बोटं हिरवा कोंब फुटलेला. "चातुर्मासात महादेवाकडे कांदा घेऊन आला काय बे?" मित्र ओरडला आणि रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

शंभर ग्रॅम तरी असेल. फेकावा तर आईनं दिलेला, खावा तर कांदेनवमी होऊन गेलेली. पन्नीच्या एका कोपऱ्यात गुंडाळून तळाशी ठेवला, वर कपडे, पाठीला पाणी, आणि आधी कमरेचा पट्टा आवळला.