झ, द, ह

आप्पा पाण्यात उतरणार नाहीत, असंच मी धरून चाललो होतो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, अंगावर धोतर. गटातल्या तीस जणांपैकी अकरा जण बोगद्यातून चालायला तयार झाले, बाकीचे कोरड्या वाटेनं खाली तळ्याकडे निघाले. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीही त्यांच्यासोबत जा. आत अंधार आहे, गुडघ्याच्या वर पाणी आहे." त्यांनी धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "पाण्याचं मला काय सांगता? जल्म विहिरीत गेला माझा."

मी जेरुसलेममध्ये गाइड आहे. जन्म अलिबाग तालुक्यातला, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातला. आमच्या आजीला हिब्रूतली 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना तोंडपाठ होती, पण रोजचं सगळं बोलणं, भांडणं, लाड मराठीत. मी हिब्रू शिकलो ते इथं आल्यावर, तेविसाव्या वर्षी. महाराष्ट्रातले गट आले की माझ्याकडे येतात आणि हा बोगदा मी एकदाही गाळत नाही.

गीहोनचा झरा हा जुन्या जेरुसलेमचा एकुलता एक भरवशाचा झरा, आणि तो तटाच्या बाहेर. इसवी सनापूर्वी 701 मध्ये अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब चालून आला. त्या वेढ्याच्या तयारीत हिज्कीया राजानं हे पाणी डोंगराखालून शहरात घेतलं, असं मानतात. 533 मीटर लांब बोगदा, नागमोडी, दोन्ही तोंडांकडून एकाच वेळी खणलेला. एवढ्या लांबीत उतार जेमतेम तीस सेंटिमीटरचा. पाणी अजून वाहतं.

साधारण मध्यावर मी नेहमी थांबतो आणि दोन टोळ्या कुठं भेटल्या ते दाखवतो. त्या दिवशी मी थांबायच्या आधीच मागून आवाज आला, "थांबा जरा." आप्पांनी नातवाच्या हातातली बॅटरी घेऊन भिंतीला जवळजवळ चिकटवली होती. तळवा कातळावरून पुढं-मागं फिरवत ते म्हणाले, "हितं घाव उलटला. हितवर आपल्या मागून मारत आल्यात, म्होरं समोरून मारल्याला हाय. हितं भेटली माणसं."

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शेकडो लोकांना सांगितली. मला कुणी सांगितली ती त्याच दिवशी.

मग मी खिशातला प्लॅस्टिक लावलेला कागद काढला. शिलोह तळ्याच्या तोंडापासून थोडं आत, 1880 साली पाण्यात शिरलेल्या एका शाळकरी पोराला भिंतीवर अक्षरं दिसली होती. सहा ओळी. पुढं कुणीतरी तो लेख खडकातून फोडून काढला, त्याचे तुकडे झाले, आणि तेव्हा इथं तुर्कांचं राज्य असल्यामुळे तो इस्तंबूलच्या संग्रहालयात गेला. आजही तिथंच आहे. मी वाचून दाखवायला लागलो: बोगदा आरपार झाला त्याची ही हकिगत. खोदणारे एकमेकांच्या दिशेनं कुदळ चालवत असताना, अजून तीन हात खोदायचं राहिलं असताना, एका माणसाचा आवाज ऐकू आला, तो दुसऱ्याला हाक मारत होता. आणि ज्या दिवशी आरपार झालं त्या दिवशी माणसासमोर माणूस, कुदळीवर कुदळ. मग झऱ्यापासून तळ्यापर्यंत पाणी बाराशे हात वाहत गेलं आणि खोदणाऱ्यांच्या डोक्यावर शंभर हात कातळ होता.

'हात' हे मी मराठीसाठी केलेलं नाही. मूळ शब्द 'अम्मा', कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप. 533 मीटरला बाराशेनं भागा, चव्वेचाळीस सेंटिमीटर येतात. आप्पांनी स्वतःचा हात बघितला आणि मान डोलावली.

ही अक्षरं आजच्या इस्रायलमधल्या शाळकरी मुलाला वाचता येत नाहीत. आता सगळीकडे दिसतात ती चौकोनी अक्षरं अरामी लिपीतून आलेली. हा लेख त्याच्या आधीच्या लिपीतला, फिनिशियनांच्या लिपीची सख्खी बहीण. आणि अक्षरं ओळखता आली तरी पंचाईत संपत नाही, कारण स्वर जवळजवळ लिहिलेलेच नाहीत. 'ईश' म्हणजे माणूस, इथं नुसती 'अलेफ-शीन' ही दोन अक्षरं आहेत, आजच्या वाचकाला त्यात 'एश' दिसेल, म्हणजे आग. 'योम' म्हणजे दिवस, इथं लिहिलंय तसं वाचलं तर 'याम' होईल, समुद्र. 'कोल' म्हणजे आवाज, तो वाचला जाईल 'काल', हलका. ज्यांनी मोडीतले जुने दस्त चाळलेत त्यांना हे लगेच कळेल. तिथं इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, शब्द माहीत असेल तरच वाचता येतो. लिहिणाऱ्याचा भरवसा वाचणाऱ्याच्या कानावर होता. स्वरांसाठी 'यूद' आणि 'वाव' ही अक्षरं सढळ हातानं लिहायची पद्धत नंतर रुळत गेली, आणि अक्षरांखालचे ठिपके-रेघा तर या लेखानंतर दीडेक हजार वर्षांनी, तिबेरियातल्या पंडितांनी दिल्या.

मी एक ओळ गाळली होती. ती मी बहुतेक वेळा गाळतोच, कारण तिचं भाषांतर होत नाही. हाक ऐकू आली, "कारण उजवीकडे कातळात झ-द-ह होती." झाइन, दालेत, हे. हा शब्द संबंध तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, नाही. दुसऱ्या कुठल्या प्राचीन हिब्रू लेखातही नाही. उच्चार 'झदा' असावा असं धरतात. अर्थाबद्दल अभ्यासकांचे तर्क वेगवेगळे आहेत, त्यात 'भेग' हाही एक.

का कोण जाणे, त्या दिवशी मी ती ओळ वाचली.

आप्पा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांद असंल." आणि त्या अंधारात, मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहून, त्यांनी सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळात ते वडलांच्या हाताखाली विहिरी खोदत होते. कातळ भरीव असला की पहारेचा घाव बद्द वाजतो, तिथल्या तिथं मरतो. आत सांद असली, मग ती केसाएवढी का असेना, की आवाज तिच्यातनं लांब जातो. त्यांचे वडील दगडाला कान लावून बसत आणि बाकीच्यांना हात थांबवायला सांगत. "तीन हात भरीव कातळातनं माणसाची हाक येत न्हाई, साहेब. सांद व्हती म्हणून तर ऐकू आली. लिवणाऱ्यानं तेच लिवलंय."

'झदा' चा अर्थ कायमचा लागला असं मी म्हणत नाही, तो शब्द आणखी कुठं सापडेपर्यंत लागणारही नाही. पण त्या वाक्यातला 'कारण' हा शब्द मी आजवर नीट वाचलाच नव्हता. हाक ऐकू आली, कारण. आप्पांनी तो वाचला.

बाहेर तळ्याच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो तेव्हा मी त्यांना रब-शाकेची गोष्ट सांगितली. त्याच सन्हेरीबचा हा सरदार जेरुसलेमच्या तटाखाली येऊन ओरडला, तोही एका पाटाच्या काठी उभा राहून, असं तनाखमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. हिज्कीयाचे कारभारी त्याला विनवतात: आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला ती समजते, तटावरच्या लोकांच्या कानावर पडेल अशा 'यहूदी'त बोलू नका. भाषेचं नाव तिथं 'यहूदी' आहे. यशया संदेष्ट्यानं एका ठिकाणी 'कनानची भाषा' म्हटलंय आणि तेही बरोबरच आहे, कारण फिनिशियन, मवाबी आणि हिब्रू या एकाच कनानी घरातल्या. गेझेरला 1908 साली सापडलेली पेरणी-कापणीच्या महिन्यांची चुनखडीची पाटी हिब्रू की फिनिशियन, यावर अजून वाद चालतो, इतक्या त्या जवळ. 'इव्रीत', म्हणजे हिब्रू, हे भाषेचं नाव तनाखमध्ये कुठंच नाही.

तटावरच्या लोकांची ती यहूदी भाषा केवढी मोठी असेल! तनाखमध्ये वेगवेगळे शब्द आठ हजारांच्या आसपास. राजे, याजक, संदेष्टे यांना लागले ते उरले. कुंभाराचे, सुईणीचे, पाथरवटाचे किती गेले कुणी मोजायचे? या लेखात राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. आहे ती कुदळ, हाक आणि कातळातली झदा.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो शब्द कसा लिवत्यात?" नातवानं वही पुढं केली. मी उजवीकडून सुरुवात केली: दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक, हे झाइन. मग त्रिकोण, दालेत. मग उभी रेघ आणि तिला डावीकडे तीन दांडे, ते हे. पेन आप्पांनी माझ्याकडून घेतलं. बोटं अजून ओली होती, कागद फुगत होता. त्यांनी तीनही अक्षरं दाबून, सावकाश उतरवली आणि खाली देवनागरीत लिहिलं, 'सांद'.