आईची हजेरी

"कुठे, घाणेकरला?" रिक्षावाला विचारतो. "हो, घाणेकरलाच," म्हणत आई आत सरकते आणि दर वेळी न चुकता पुढे जोडते, "दातांचे डॉक्टर होते ते." एकदा एकाने मागे वळून काळजीने विचारलं होतं, "मग आजी, नाटकाला सोडू की दवाखान्यात?"

नट काशिनाथ घाणेकर १९८६ साली अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच गेले. आता ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, म्हणून ते रिक्षाचं ठिकाण झालेत. आईने मात्र त्यांचा 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी बघितलाय. तेव्हा ठाण्यातलं आपलं गडकरी रंगायतन व्हायचं होतं, ते झालं १९७८ला. म्हणून लोकलने दादर, शिवाजी मंदिर. नाटकातलं तिला आता फारसं आठवत नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून आजोबा अंधारात घड्याळ डोळ्यांशी नेऊन बघत होते, तेवढं लख्ख आठवतं.

हल्ली दुपारी ती टीव्हीवर जुने सिनेमे लावते. म्हणजे सिनेमा नावाला, खरं तर हजेरी घेते. रिमोट तिच्या हातात. पाच मिनिटं झाली की चित्र थांबवायचं. "हे गेले." पुढे. "ही पण गेली बिचारी." पुढे. "आणि हा गं?" मग मी फोनवर बघायचं. आहे म्हटलं की तिला घरातलंच कुणीतरी आजारातून उठल्यासारखं वाटतं. दोघा-तिघांना तर तिने परस्परच पोचवलं होतं, ते मालिकांमध्ये आजोबा होऊन बसलेले निघाले. दोन तासांचा सिनेमा आमच्याकडे साडेतीन तास चालतो.

परवा 'सामना' लावला होता. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर, आणि आईने नेमकं तिथेच थांबवलं. "एक कान-नाक-घशाचे डॉक्टर, एक माळी." खरंच आहे ते. लागूंनी पुण्यात प्रॅक्टिस केली, मग आफ्रिकेत टांझानियात, आणि चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात बागकाम करायचे, राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते. पण पडद्यावर खलनायक, म्हणून एवढ्या साध्या माणसाला बघून बायका पदर सावरायच्या! आमची आजी तर टीव्हीवर ते आले की चक्क शिव्या घालायची. आई तेव्हा गप्प बसायची. आता त्या शिव्यांची भरपाई म्हणून की काय, पडद्यावर ते दिसले की "निळूभाऊ" म्हणते, तेही अगदी सख्ख्या दिरासारखं.

पण जास्तीत जास्त वेळ चित्र थांबतं ते ललिता पवारांवर. 'अनाडी'तल्या मिसेस डिसा. आई उठून टीव्हीजवळ जाते, काचेवर बोट ठेवते. "हा बघ, डावा डोळा." १९४२ साली एका चित्रीकरणात नट भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, काही वर्षं उपचारात गेली आणि डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. मग त्याच डोळ्याने सासू झाल्या, मंथरा झाल्या, आणि आपण पोरं त्याला घाबरून उशीत तोंड खुपसायचो. मारणाऱ्या भगवानदादांचं पुढे काय? 'अलबेला'ने मोठ्ठं यश दिलं, बंगला, गाड्या, सगळं आलं आणि सगळं गेलं. अखेरचे दिवस दादरच्या चाळीत. आई या गोष्टीत कुणाची बाजू घेत नाही. काचेवर उमटलेला बोटाचा ठसा तेवढा पदराने पुसते.

मला वाटायचं, हा सगळा म्हातारपणाचा खेळ. मग लक्षात आलं, मीही आता मधेच विचारते, "हे आहेत का गं?"

काल एका लग्नाच्या प्रसंगात मागे एक माणूस सरबताचा ट्रे घेऊन गेला. टोपी, पांढरा सदरा, बोलायला एक शब्द नाही. आईने थांबवलं. "हा कोण?" श्रेयनामावली मागे नेऊन बघितली, फोनवर शोधलं. कुठेच नाव नाही.

"आता याचं काय करायचं?" मी विचारलं.

आईने चष्मा वर सरकवून त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "नाव नाही, तर गेला कसं म्हणायचं? हजर लाव त्याला," म्हणाली आणि सिनेमा पुढे चालू केला.