मुद्देमालात निरोध

देहविक्रीच्या वस्तीत धाड पडली की पोलीस किती बायका उचलल्या ते मोजतात. आम्ही आरोग्यवाल्या कुणाच्या गोळ्या मागे राहिल्या ते बघतो. एचआयव्हीवरची एआरटीची गोळी रोज पोटात गेली पाहिजे. खाडे पडले की विषाणू पुन्हा वाढतो, कधी औषधालाही जुमानत नाही.

त्या सकाळी घरवालीचा, म्हणजे कोठा चालवणारीचा, फोन. "ताई, रात्री रेड झाली, चौघींना नेलं. एकीची डबी इथंच राहिलीय."

डबी कॅल्शियमची होती. बाटलीवरचं नाव कुणी वाचू नये म्हणून बायका गोळ्या अशा डबीत ओततात. वाजू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा.

ती घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारबाई काही वाईट नव्हत्या. "चिठ्ठी नाही, लेबल नाही. कशाची गोळी आहे ही?" सांगावं तर २०१७ चा एचआयव्ही कायदा आडवा, तिच्या संमतीशिवाय मी बोलायचं नाही. गप्प बसावं तर पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने चौकशी होईतो तीन आठवड्यांपर्यंत सुधारगृह. तोवर गोळ्यांचं काय? शेवटी सिव्हिल हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय तपासणीने वाट काढली. तिथे तिने स्वतःच डॉक्टरांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी केसपेपरवर 'चालू औषधे सुरू ठेवावीत' एवढंच लिहिलं. हवालदारबाईंना कागद मिळाला, तिला गोळी.

मग माझी नजर टेबलावरच्या पंचनाम्यावर गेली. मुद्देमाल: मोबाईल, रोख रक्कम, निरोधची पाकिटं. सरकारने फुकट दिलेली, मीच वाटलेली! सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशाची झेरॉक्स पिशवीत असतेच. बुद्धदेव कर्मसकर प्रकरणातला तो आदेश निरोधला गुन्ह्याचा पुरावा धरू नका म्हणतो. साहेबांपुढे ठेवली.

"वाचलंय हो मॅडम. पण यादीत हे नसलं तर वकील विचारतो, धंदा चालत होता कशावरून?"

प्रश्न खोटा नव्हता. पण म्हटलं, "साहेब, पुरावा दुसरा शोधा. निरोध यादीत आला की त्या घरात तो परत दिसणार नाही. मग गुप्तरोगाच्या ओपीडीत रांग बघा."

साहेबांनी झेरॉक्स ठेवून घेतली. पंचनामा काही बदलला नाही.

गल्लीत मात्र निरोधची पेटी कुणी घरात घेईना. "गादीखाली सापडलं की आम्हीच अडकतो," म्हणाल्या. आता पाकिटं कोपऱ्यावरच्या पानटपरीवर ठेवतो. टपरीवाला म्हणतो, रात्रपाळीचे पोलीसही नेतात.